घरी गाण्याचा क्लास कसा सुरू करायचा (ग्वाल्हेरच्या हिशोबाने)

गाण्याची विशारद परीक्षा पास झाली की घरचे, शेजारचे, मावशा-आत्या सगळे एकच सांगतात, "आता घरी क्लास काढ की", जणू सतरंजी टाकली, पेटी ठेवली की क्लास झाला. मलाही तसंच वाटलेलं. दौलतगंजात आमच्या पुढच्या खोलीत चार मुलं घेऊन बसले तेव्हा गाणं बरं येत होतं, पण क्लास कसा चालवतात ते काहीच येत नव्हतं, आणि ही दोन वेगळी कामं आहेत हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली. आता माझ्याकडे शिकलेल्या मुली स्वतः शिकवायला लागल्यात आणि अर्ध्या रात्री मेसेज करतात, ताई अमुक मुलाचं काय करू, फी कशी मागू, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू.

एक आधीच सांगते. ग्वाल्हेरात क्लास काढणं सोपंही आहे आणि अवघडही. सोपं कारण गाणं शिकायचं असतं हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. हद्दू खाँ-हस्सू खाँ या ख्यालगायक भावांचं गाव, इथल्याच घराण्याचे गायक कृष्णराव पंडितांनी वडिलांच्या नावाने १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्री भातखंड्यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय काढलं, आता तर संगीताचं विद्यापीठही आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने शहराला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं. अवघड अशासाठी की शहरातल्या लष्कर भागातल्या मराठी घरात दर दुसऱ्या आजोबांनी कुणा ना कुणा बुवांकडे चार वर्षं काढलेली असतात, ते नातवाला सोडायला येतात आणि खुर्चीवर बसून तुमचा आकार (आ लावून गाणं) ऐकतात. "कुणाकडे शिकलात?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. जे खरं आहे ते सांगा, घराण्याचं नाव उगाच लावू नका, या गावात खोटं दोन दिवसांत भर बाजारात, महाराज बाड्यापर्यंत पोचतं.

आधी काय शिकवणार ते ठरवा

"सगळं शिकवते" असं बोर्डावर लिहू नका. गायन, पेटी, सुगम, फिल्मी गाणी, भजन, कीबोर्ड असं सगळं लिहिलेलं बघितलं की मला किराणा दुकान आठवतं. मी शास्त्रीय गायन शिकवते आणि त्याच्या जोडीला वर्षातून चार-पाच अभंग-भजनं, बस. फिल्मी गाण्यासाठी येणाऱ्यांना नाही म्हणत नाही, पण पहिले सहा महिने पाया, मग तुझ्या आवडीचं एक गाणं, असं पहिल्याच दिवशी सांगते. टीव्हीवरच्या स्पर्धेत कधी उभा राहील असं विचारणारे पालक असतातच, त्यांना तारीख देऊ नका.

वयाचंही ठरवा. सहाच्या खालची मुलं मी घेत नाही, म्हणजे घेऊन बघितली, ती गोड असतात पण पाऊण तास बसत नाहीत आणि तुम्ही गाण्याच्या बाई न राहता पाळणाघर होता. मोठ्यांना नाही म्हणू नका. रिटायर झालेले काका आणि मुलं कॉलेजला गेल्यावर मोकळ्या झालेल्या बायका हे सगळ्यात नियमित येणारे विद्यार्थी, फी एक तारखेला देतात, फक्त दर क्लासला "आता या वयात काय जमणार" हे एकदा ऐकून घ्यावं लागतं.

खोली आणि सामान

मोठी खोली नको, शांत हवी. रस्त्याकडची असेल तर संध्याकाळी टेम्पोंच्या आवाजात मंद्र, म्हणजे खालचं सप्तक ऐकूच येत नाही. दार उघडं ठेवा, मुलं-मुली एकटी असतील तेव्हा तर नक्कीच, आणि ज्या आई-बाबांना बसायचंय त्यांना बसू द्या, फक्त मधे बोलायचं नाही ही अट घाला. श्वास पोटातून घे हे दाखवायला मुलाच्या पोटाला हात लावायची गरज नसते, स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवा, तो स्वतःचा ठेवेल.

सामानात एक पेटी, तानपुरा, एक घड्याळ आणि एक रजिस्टर. खरा तानपुरा असेल तर उत्तम, नसेल तर इलेक्ट्रॉनिक किंवा मोबाइलचं अॅप चालतं, मात्र मोबाइलच्या पोटातल्या बारक्या स्पीकरवर नाही, एक साधा बाहेरचा स्पीकर जोडा, नाहीतर खर्ज (खालचा सा) ऐकू येत नाही आणि मग तानपुरा लावून उपयोग काय.

पालक पहिल्याच आठवड्यात विचारतात, पेटी कोणती घेऊ. दोन-तीन महिने काहीच घेऊ नका म्हणून सांगा. मुलगा टिकला तर साधी डबल रीडची (प्रत्येक सुराला दोन पत्त्या) घ्या, स्केल चेंजर (सा बदलायची सोय असलेली) नको, महाग, जड आणि बिघडली तर दुरुस्तीला त्रास. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि एखादी पट्टी दाबलेलीच राहून एक सूर सारखा पों करत बसतो, तेव्हा घाबरून भाता जोरात मारू नका, झाकण उघडून पट्टी हलक्या हाताने वर घ्या, दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. आणि एखादा सूर वाजतच नसेल तर बहुतेक वेळा रीडमधे कचरा अडकलेला असतो. झुरळ आणि उंदीर यांना भात्याचं चामडं फार आवडतं हेही लक्षात असू द्या.

पट्टी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. पट्टी म्हणजे इथे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. सुरुवातीला मी सगळ्यांना माझ्याच पट्टीत गायला लावायचे, काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर हा सा. सोपं पडतं ना, एक तानपुरा लागला की सगळी बॅच एकदम. त्या बॅचमधे एक तेरा वर्षांचा मुलगा होता, आधी छान गायचा, मग एकदम काय झालं कोण जाणे, वरचा सा लावताना मान वर करायचा, गळ्याच्या शिरा फुगायच्या, सूर फाटायचा आणि मुली हसायच्या. मी म्हणायचे रियाज कर, रियाज करत नाहीस तू. तो बिचारा रोज करत होता. त्याचा आवाज फुटत होता आणि मला, विशारद पास झालेल्या बाईला, ते कळलं नाही. दोन महिन्यांनी यायचा बंद झाला, आणि नंतर एकदा नया बाजारात दिसला तर माझ्याकडे न बघता निघून गेला.

तर, प्रत्येकाची पट्टी पहिल्या क्लासला वेगळी काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. साधारण लहान मुलं काळी चार-पाचच्या आसपास, बायका पांढरी पाच ते काळी पाच, पुरुष पांढरी एक ते काळी दोन, पण हे फक्त सुरुवात कुठून करायची यासाठी, पुढे कान लावायचा. माझी चाचणी अशी: मंद्र पंचम (खालचा प) कुजबुज न होता लागला पाहिजे आणि तार गंधार (वरचा ग) ओरडा न होता. दोन्ही जमतंय ती पट्टी. एकच जमत असेल तर अर्धा सूर वर-खाली करून बघा. दर सहा महिन्यांनी परत तपासा, आणि मुलगा बारा-तेराचा झाला की दर महिन्याला. आवाज फुटायला लागला की तार सप्तक बंद, वेळ कमी, मधल्या सप्तकात हळू गाणं, त्या दिवसांत ताल शिकवा, बंदिशी लिहून घ्या, ऐकवा, आणि त्याला सांगा की हे सगळ्या मुलांचं होतं, हळूहळू आवाज परत स्थिर होतो. एवढं एक वाक्य मी त्या मुलाला सांगितलं असतं तर!

बॅच करायची तर पट्टीप्रमाणे करा, वयाप्रमाणे नाही. आणि चारच्या वर मुलं एका बॅचमधे घेऊ नका, पाचवा मुलगा कोरसमधे लपतो.

पहिले तीन महिने

पहिल्या क्लासला काही शिकवू नका, ऐका. जे येतं ते गाऊ द्या, आरती, प्रार्थना, सिनेमातलं गाणं, काहीही, तेवढ्यात तुम्हाला श्वास, कान, लय, लाज सगळं कळतं.

मग सा. नुसता सा, तानपुऱ्याबरोबर, मोकळा आकार, तोंड उघडं. ग्वाल्हेरचं गाणं मोकळ्या गळ्याचं म्हणतात ते काही कौतुकाने नाही, मुलांनी ओठ मिटून गुणगुणण्याची जी सवय मोबाइलवर ऐकून लावून घेतलेली असते ती इथेच सुटते. दहा मिनिटं सा हे मुलाला कंटाळवाणं होतं हे मान्य, म्हणून मी खेळ करते, डोळे मिटून सा धर, मी मधेच तानपुरा बंद करणार, अर्ध्या मिनिटाने परत लावणार, तू तिथेच असशील तर एक चिंचेची गोळी. गोळ्यांचा डबा रिकामा झाला की समजायचं बॅच तयार झाली.

या वेळी पेटी बंद ठेवा, हे फार जणांना पटत नाही. पेटी सूर दाखवायला चांगली, टेकायला वाईट. पेटीवरचे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार हा तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि मूल पेटीला टेकून वाढलं की त्याला तो तानपुऱ्यातला गंधार कधी ऐकूच येत नाही. आकाशवाणीने १९४० पासून कितीतरी वर्षं पेटीला बंदी घातली होती, तेवढं टोक गाठायची गरज नाही, पण अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे) पेटीवर दाखवले की झाकण लावून टाकायचं आणि मग गायचं.

अलंकार हळू लयीत, हाताने ताल धरून. सोळा मात्रांचा तीनताल आधी तोंडाने आणि टाळीने, एक, पाच आणि तेरावर टाळी, नवावर 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा. मुलं त्या 'खाली'च्या जागीच हमखास टाळी देतात, देऊ दे, चौथ्या दिवशी स्वतःच हसतात.

पहिला राग मी भूप घेते. म आणि नी नाहीत, पाच सूर, आरोह-अवरोह सरळ, मंद्र-तार दोन्हीकडे फिरता येतं. पण गंमत अशी की जो सूर नाही तोच मुलांच्या गळ्यात येतो. एक दहा वर्षांची मुलगी पंचमावरून गंधाराला येताना दर वेळी मधला म चिकटवायची, तिला कळायचंही नाही. दहा वेळा सांगून झालं. मग मी तिला पंजा उघडायला लावला, अंगठा सा, पुढचं बोट रे, मधलं ग, मग प, करंगळी ध, आणि मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटात एक पेन्सिल धरायला दिली. म्हटलं ही पेन्सिल म्हणजे म, पडूही द्यायची नाही आणि तिला गायचंही नाही. ती पेन्सिलीकडे बघत बघत गायली, प... ग, आणि थांबली, माझ्याकडे बघितलं, "ताई, इसको कूदना है?" हो बेटा, उडी मारायची. मग भूपाचं काम झालं.

(हो, क्लासात मराठी-हिंदी दोन्ही चालतं, निम्मी मुलं हिंदी घरातली असतात, त्यांना अभंगातला ळ शिकवायला एक वेगळा क्लास लागतो.)

बंदिश (रागातलं बांधलेलं गाणं) शिकवताना स्थायी आणि अंतरा हे तिचे दोन्ही भाग पूर्ण, शब्दासकट पाठ. अर्धी बंदिश शिकवून ताना शिकवायची घाई करू नका. भातखंडे पद्धतीने लिहून द्या, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर, पण वही बघून गायला देऊ नका. वही घरी विसरल्यावर आठवायला असते.

दोन क्लासच्या मधे

आठवड्यातून दोन दिवस पाऊण पाऊण तास, म्हणजे दीड तास. त्या दीड तासात कुणी गायक होत नाही, जे होतं ते बाकीच्या पाच दिवसांत होतं. म्हणून क्लास संपायच्या आधी पाच मिनिटं राखून ठेवा आणि वहीत तारीख टाकून घरी काय करायचं ते लिहा, "रियाज करा" असं नाही, "सा १० मिनिटं, तिसरा अलंकार हळू ५ वेळा, भूपाची स्थायी ३ वेळा टाळी देऊन" असं. मधल्या दिवशी व्हॉट्सॅपवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा. उत्तर देताना एकच गोष्ट सांगा, दहा चुका लिहून पाठवल्यात तर पुढच्या वेळी रेकॉर्डिंग येणार नाही, त्या जागी "नेट नाही चल रहा" येईल.

एका आईने मुलाला हजीऱ्याला तानसेनांच्या समाधीवर नेऊन तिथल्या चिंचेची पानं खायला घालून आणलं, आवाज गोड होतो म्हणतात ना. मी म्हटलं छान केलंत, आता रोज सकाळी वीस मिनिटं तानपुऱ्यापुढे बसवा, पानांना मदत होईल.

फी

लाज सोडा. आपल्या लोकांना गाण्याचे पैसे मागायला जड जातं, मलाही जायचं. फी पहिल्याच भेटीत, आकडा सांगून, महिन्याच्या सुरुवातीला. मी महिन्याला ८ क्लासचे ९०० रुपये घेते, सिटी सेंटरकडे लोक जास्त घेतात, तुम्ही तुमच्या भागाचं बघा. मुलाने सुट्टी घेतली तर महिन्यात एक क्लास भरून देते, मी घेतली तर सगळे भरून देते, आणि हे मेसेजमधे लिहून ठेवलेलं आहे, तोंडी काही नाही. हिशोब करताना बारा महिने धरू नका. मार्चमधे शाळेच्या परीक्षा, मे-जूनमधे पंचेचाळीस डिग्रीत दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही आणि निम्मी मुलं पुण्याला-नागपूरला मामाकडे, दिवाळी, लग्नं, जानेवारीत कडाक्याची थंडी. दहा महिन्यांची फी धरा. उन्हाळ्यात मी सकाळी साडेसहाची बॅच घेते, थंडीत दुपारी चारची.

बाहेरचं काम घ्याल तर आधी लिहून घ्या. एका शाळेने गॅदरिंगसाठी बोलावलं, महिनाभर रोज जाऊन चाळीस मुलांचं समूहगान बसवलं, ठरलेल्या पैशांतले निम्मे मिळाले आणि उरलेल्याच्या बदली स्टेजवर शाल-श्रीफळ. नारळाची बर्फी केली. तेव्हापासून निम्मे पैसे सुरू करायच्या आधी.

परीक्षा

पालकांना सर्टिफिकेट हवं असतं, हरकत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बऱ्याच ठिकाणी चालतात, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, म्हणजे आपल्याच गावचं गाणं फॉर्म भरून परत येतं असं मी मुलांना सांगते. परीक्षेला बसवा, पण दर वर्षी एक असं नको. वर्षाला दहा राग उरकलेलं मूल भेटलं की मी विचारते, यमन पाच मिनिटं गाशील? बहुतेक वेळा बंदिश गाऊन दीड मिनिटात संपतं.

परीक्षेपेक्षा डिसेंबरातला तानसेन समारोह मला जास्त उपयोगी वाटतो. २०२४ मध्ये शंभरावा झाला. मुलांना घेऊन जा, स्वेटर-शाल-कानटोपी सगळं, रात्री हाडं गोठतात. अट एकच, एक गायन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण ऐकायचं, मोबाइल खिशात, आणि घरी आल्यावर तीनच गोष्टी सांगायच्या, राग कोणता वाटला, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे सापडली आणि गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला. तिसऱ्या प्रश्नाने मुलं गायकाच्या तोंडाकडे बघत बसतात, तेच हवं असतं.

ऑनलाइन

मुरारहून लष्करात यायला नको म्हणून किंवा मुलगी बाहेरगावी गेली म्हणून ऑनलाइन घ्यावं लागतं. दोघांनी एकत्र गायचं नाही, आवाज उशिरा पोचतो, ताल जमणारच नाही. तुम्ही गा, थांबा, मग ती. तानपुरा तिच्या बाजूला तिच्या पट्टीत लावू दे. आणि झूमसारख्या अॅपमधे मूळ आवाज चालू ठेवायचं सेटिंग असतं ते लावा, नाहीतर अॅप तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं, आणि लांब सा लावला की तोही.

स्वतःचा गळा

रोज चार तास मुलांबरोबर मोठ्याने गाल तर दोन वर्षांत गळा बसेल. प्रत्येक ओळ गाऊन दाखवायची नाही, एकदा दाखवा, मग हाताने, मग नजरेने. सकाळी सहा ते सात माझा फोन बंद असतो, तो माझा तानपुरा आणि मी, त्या तासात कितीही मोठ्या माणसाचा मुलगा शिकायला आला तरी बॅच नाही.

मुलं जातात, हेही शिकून घ्या. बारावी झाली की इंदूर, पुणे, बंगलोर. रागावू नका, ऐन रंगात आलेला गळा हातातून जातो आणि वाईट वाटतं, वाटू दे. गेल्या जुलैत एक मुलगा गेला, आठ वर्षं होता माझ्याकडे, त्याचा आवाज फुटला तेव्हा आम्ही अख्खं वर्ष नुसता ताल केला होता. जायच्या आदल्या दिवशी वह्या घेऊन आला, चार वह्या झाल्या होत्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात काळी पाच लिहिलेलं, त्याखाली खोडून काळी तीन, त्याखाली पांढरी दोन. मी शेवटची ओळ खोडली आणि काळी एक लिहून वही परत दिली.